मध्यावर एकोणीस

आमच्या स्वयंपाकघरात दाराआड भिंतीची हातभर रुंद पट्टी होती, आणि तिच्यावर आई कोळशाने रेघा ओढायची. त्या रेघा उन्हांच्या असायच्या. मिरच्यांना किती उन्हं दाखवली, आमसुलांना किती झाली, कुरडया अजून किती दिवस वाळायच्या, सगळं तिथे मांडलेलं. आभाळ आलं की ती अर्धीच रेघ ओढायची आणि म्हणायची, "आजच्या उन्हाला दम नाही." मी ऊन मोजायला शिकले ती त्या भिंतीवर. थर्मामीटर नंतर आला, तो मामाने आणला.

भिवपुरीला वीजघराच्या वसाहतीत आम्ही राहायचो, बाबा तिथे कारकून होते. डोंगरावरून जाडजूड नळ उतरलेले, त्यांतून पाणी कोसळायचं, चाकं फिरायची आणि त्यांची घरघर दिवसभर घरात असायची. इतकी की कर्जतला कुणाकडे राहायला गेलो तर शांततेने माझे कान दुखायचे. त्या घरघरीमुळे आईला मोठ्याने बोलायची सवय लागली होती. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई सारखी रागावलेली आहे. खरं तर रागावली किंवा दुखावली की तिचा आवाज अगदी खाली जायचा, आणि मग तिच्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागे. वालाचं बिरडं, भाकरी, ताक, आणि शनिवारी अंगणातल्या वारुळापाशी मुंग्यांना चिमूटभर साखर, हा तिचा नेम. मुंग्यांना घालायची साखर तिने कधी कमी केली नाही, आमच्या चहातली मात्र खुशाल केली.

दिनूमामा हा तिचा पाठचा, एकुलता एक भाऊ. मुंबईच्या एका कॉलेजात तो एका गोऱ्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचा. उंच, देखणा, केसांना सुगंधी तेल लावणारा, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याचं जेवण ताटात गार व्हावं असा. मी मराठी सातवी पास होऊन घरी बसले होते. घरी बसणं म्हणजे काय ते त्या काळच्या मुलींना सांगायला नको, बसायचं असतं ते कुणीतरी बघायला येईपर्यंत. मामा आला की मी त्याच्या पायाशी बसून राहायची. माझ्याशी विषय काढून बोलणारा तो एकच माणूस होता.

एकदा असाच जेवताना त्याने डोक्यात घोळत असलेली कल्पना मांडली. उष्ण देशांत जीवांचे जितके प्रकार सापडतात तितके थंड देशांत का सापडत नाहीत? त्याचं म्हणणं असं की ऊब मिळाली की जीव घाईने जगतो. घाईने खातो, घाईने वाढतो, घाईने पिलं घालतो. पिढ्यांमागून पिढ्या भराभर जातात, आणि प्रत्येक पिढीत थोडा थोडा बदल होत होत नवे प्रकार निपजतात. थंडीत हेच सगळं रेंगाळतं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हे तर माझ्या विरजणाला माहीत आहे. वैशाखात सकाळी लावलं तर दुपारी दही, पौषात दोन दिवस वाट बघा." मामा घास तसाच हातात ठेवून हसला. "अक्का, तुला कॉलेजात न्यायला हवं," असं म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नाहीतर हिला."

त्या दोन शब्दांवर मी पुढचं वर्ष काढलं. मामाने ठरवलं ते असं. डोंगराच्या पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर अशा तीन जागी मी दर आठवड्याला पळसाच्या पानावर गुळाचा खडा ठेवायचा, थर्मामीटर बघायचा, आणि गुळावर किती प्रकारच्या मुंग्या येतात ते लिहायचं. शिवाय मुंगीला वीतभर दोरा पार करायला किती वेळ लागतो तेही मोजायचं. वर्षभर एकही आठवडा न चुकवता नोंद ठेवली तर मामा ती साहेबाला दाखवणार, साहेब शिफारसीची चिठ्ठी देणार, आणि पुण्याच्या मुलींच्या शाळेत, बोर्डिंगात, मला जागा मिळणार. बाबा या सगळ्याला हसले, पण नाही म्हणाले नाहीत. "वर्षभर टिकलीस तर बघू," एवढंच बोलले. बाबांचं बघू म्हणजे अर्धं हो असायचं.

एकटीने डोंगरात जायचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे नवशी यायची, वरच्या ठाकरवाडीतली. हिरडे, रानभाज्या, कधी मध घेऊन ती कशेळ्याच्या बाजाराला जायची आणि जाता-येता आमच्या पडवीत टेकायची. आईने तिला गळ घातली आणि तिने मला बरोबर न्यायचं कबूल केलं. नवशी माझ्या आईच्या वयाची, पण चढताना मला मागे टाकायची आणि वर बसून माझी वाट बघत विडी ओढायची. पहिल्या दिवशी मी गूळ ठेवलेला बघून ती म्हणाली, "मुंग्यांचा पाहुणचार करायला एवढा डोंगर चढलीस व्हय गं?" पण दोन-तीन खेपांतच ती माझ्यापेक्षा जास्त रमली. मला काळ्या आणि लाल एवढ्याच मुंग्या दिसत होत्या. तिने दाखवलं, ही पोट वर उचलून पळते ती वेगळी, ही पानं शिवून घरटं करते ती वेगळी, ही एकटीच फिरते, ही रांग सोडत नाही. दोघींनी मिळून त्यांना नावं ठेवली. डोकं मोठं, पाय बारीक आणि कामात सदा उशीर, तिला आम्ही हेडक्लार्क म्हणायचो. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, पण ते हलत होतं.

घरी आल्याबरोबर, पाय धुवायच्या आधी, मी आकडे भिंतीवर कोळशाने मांडायची. आईच्या उन्हांच्या रेघांशेजारी माझ्या मुंग्यांच्या रेघा. मग सावकाश, शाईने, मामाने दिलेल्या वहीत उतरवून घ्यायची. घरातही माझं काम चालू असायचं. चुलीशेजारच्या भिंतीवरची मुंगी मी एका लयीत चार आकडे मोजेपर्यंत दोरा ओलांडायची, पाण्याच्या माठाजवळच्या तशाच मुंगीला नऊ लागायचे. हे मी इतक्या वेळा पाहिलं की पुढे पुढे थर्मामीटर न बघता, नुसत्या मुंगीच्या चालीवरून मी ऊन सांगायची. मामाची कल्पना चुलीपाशी खरी होती. याबद्दल मी आजही त्याला एक पैदेखील कमी देणार नाही.

डोंगरावर मात्र ती सरळ उतरत नव्हती. मामाला हवी होती पायऱ्यांसारखी नोंद. खाली सगळ्यांत ऊन म्हणून खाली सगळ्यांत जास्त प्रकार, मध्यावर त्याहून कमी, माथ्यावर सगळ्यांत कमी. माझ्या नोंदीत माथ्यावर सगळ्यांत कमी होते खरे. पण मध्यावर, झऱ्याजवळच्या गर्द झाडीत, पायथ्यापेक्षा कितीतरी जास्त यायच्या. वैशाखातला आकडा मला तोंडपाठ आहे. पायथ्याला अकरा, मध्यावर एकोणीस, माथ्यावर आठ. मला वाटलं माझंच चुकतंय. मी लागोपाठ दोन दिवस पुन्हा चढले. मध्यावर एकोणीसच. मी रडकुंडीला आले, तेव्हा नवशी झऱ्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, "रडतीस कशाला? उनाचं खरं हाय तुज्या मामाचं. पर मुंगी काय ऊन खाती? खालती बघ, पेरायच्या आदी समदा राब भाजून ठेवलाय, झाड नाय, पाला नाय. हितं ऊब बी हाय आनि खायाला बी हाय. मंग जास्ती हितंच आसनार ना गं?"

परवा माझ्या नातीचं कॉलेजचं पुस्तक चाळत होते. त्यात लिहिलं आहे की ऊब जगण्याचा वेग ठरवते, पण तेवढ्याने भागत नाही, त्या जागी अन्नपाणी किती यावरही किती प्रकारचे जीव नांदणार ते अवलंबून असतं. मी चष्मा काढून ठेवला. नातीला वाटलं, डोळे दुखताहेत.

आश्विनात मामा आला आणि वही घेऊन गेला. पडवीत बसून त्याने ती चाळली. चाळताना एका पानाशी त्याचं बोट थांबलं, कपाळाला आठी पडली. मी घाबरत घाबरत नवशीचं म्हणणं त्याला सांगितलं. "बरं बरं," म्हणाला, "अक्षर फार सुरेख आहे हो मथू तुझं." मी इतकी खूष झाले की तो मुद्द्याचं काहीच बोलला नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. त्या दिवाळीला आईने नेहमीप्रमाणे घर सारवलं, भिंतींना चुना दिला. दाराआडची पट्टी मात्र तिने सोडली. मी विचारलं तेव्हा नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "असू दे की. वर्षभर राबली आहेस त्यावर. लक्ष्मी काय दाराआड बघत बसणार आहे?" आई माझ्या बाजूची आहे, हे मला त्या दिवशी कळलं असं मी धरून चालले. पुढे जे झालं ते याच्यामुळे जास्त लागलं.

मार्गशीर्षात निरोप आला की साहेब स्वतः डोंगर बघायला येतोय. मामा आदल्या दिवशी संध्याकाळी आला. नेहमीसारखा बोलला नाही, जेवलाही जेमतेम. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला तेव्हा मी नऊवारी नेसून, केस घट्ट बांधून, नवशीबरोबर वाटेवर तयार होते. माझा सगळा जीव त्या चिठ्ठीत होता. साहेब म्हातारा, लालबुंद, सभ्य माणूस. त्याने स्वतः गूळ ठेवला, गुडघ्यांवर बसून भिंगातून बघितलं, हातातल्या कागदांशी ताडून पाहिलं. थंडीचे दिवस म्हणून सगळीकडेच मुंग्या कमी होत्या, तरी मध्यावर पायथ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. मला आनंद झाला. मी लिहिलं तेच साहेबाला दिसत होतं. साहेब मात्र कागद पुढेमागे करत राहिला आणि मामाकडे बघून काहीतरी इंग्रजीत म्हणाला. मामाच्या मानेवर, त्या थंडीत, घाम आलेला मला दिसला.

खाली आल्यावर पडवीत चहा झाला. कागद चटईवर पसरले होते. ते माझ्या अक्षरातले नव्हते. मामाने वही उतरवून घेतली होती, आणि मला इंग्रजी येत नसलं तरी इंग्रजी आकडे मामाने मला शिकवले होते, आणि रकाने माझ्याच वहीच्या क्रमाने होते. पायथ्याला एकोणीस. मध्यावर अकरा. माथ्यावर आठ. मी तिथेच उभी होते. मामा आधी साहेबाशी बोलला आणि मग बाबांकडे वळून, माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाला, "मुलीची जात, भाऊजी. घाईत पायथ्याचे आकडे मध्यावर आणि मध्यावरचे पायथ्याला लिहून बसली. मीही विश्वासाने तसेच उतरवले. चूक माझीच, पोरीवर एवढं काम टाकायला नको होतं."

नवशी पायरीवर बसली होती, ती उठली. "सायेब," ती सरळ त्या गोऱ्या माणसाला म्हणाली, "पोरीनी बरोब्बर लिवलं हाय. मी होतो ना संगं दर खेपंला. मध्यावंच जास्ती हायत, आज तुमी बी बघितल्या." साहेबाने मामाकडे बघितलं. मामाने ते इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही, पण ऐकून साहेब मायेने हसला आणि त्याने नवशीच्या हातावर एक नाणं ठेवलं. नवशीने ते चटईवर ठेवून दिलं आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

वही मामाकडे होती. ती कुठे आहे विचारलं तर मुंबईला राहिली म्हणाला. तेव्हा मला भिंत आठवली. मी बाबांना म्हटलं, "माझे सगळे आकडे स्वयंपाकघरात भिंतीवर आहेत. पहिल्या दिवसापासूनचे. तुम्ही आत येऊन बघा." बाबा उठले. त्यांनी उठावं याचंही मला त्या क्षणी केवढं वाटलं. मी पुढे झाले आणि दार ओढून बाजूला केलं.

भिंत पांढरी होती. चुना अजून ओला होता, खालच्या कडेने ओघळ जमिनीवर आला होता. माझ्या रेघा नव्हत्या आणि आईच्या उन्हांच्याही नव्हत्या. मी नखाने खरवडायला गेले तर बोटाला नुसता करडा चिखल लागला. बाबांनी वाकून पाहिलं. "इथे तर काही नाही, मथू," म्हणाले, आणि बाहेर गेले. आई चुलीपाशी पोहे ढवळत होती. तिच्या बोटांच्या पेरांत चुना वाळला होता. तिने मान वर केली नाही.

साहेब गेला, मामा त्याच्याबरोबर गेला. नवशी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आणि माझ्या घरच्यांपैकी कुणी तेवढंही केलं नाही. दुपारभर मी त्या ओल्या भिंतीसमोर बसून होते. शेवटी आई माझ्याजवळ येऊन बसली आणि खूप हळू बोलली. वीजघराच्या घरघरीत मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं. "काल जेवताना त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. म्हणाला, अक्का, पाहुणे यायचेत, एवढी पट्टी काळी कशाला ठेवलीस."

"आणि तू लगेच चुना कालवलास?"

"मला कळलं नाही असं समजू नकोस. तुझे आकडे मला येतात गं. मी रोज बघत होते." तिने पेरांतला चुना पदराला पुसला. "त्याची नोकरी गेली असती, मथू. साहेबाने उभं केलं नसतं त्याला. मला भाऊ एकच आहे. उद्या तुझ्या लग्नात तुझ्या पाठीशी मामा म्हणून कोण उभं राहणार?"

मी म्हटलं, "आणि माझी शाळा?" ती माझा हात हातात घ्यायला गेली, मी तो काढून घेतला. मामाचा मला राग आला होता. पण आईने जे केलं त्याला राग हा शब्द पुरत नाही. माझं खरं आहे हे जगात ज्या तीन-चार माणसांना पक्कं ठाऊक होतं त्यांतली ती एक, आणि तिने ते स्वतःच्या हाताने पुसलं. ती फसली असती तर मी समजून घेतलं असतं. तिने सगळं समजून केलं. वयाच्या या टप्प्यावर मला तिची अडचण कळते. विहिरीवर, बाजारात, कुठेही भावाशिवाय बाईला कोण विचारत होतं? कळतं, आणि तरी तो चुना माझ्या मनात सुकत नाही. दोन्ही खरं आहे, आणि त्यात मला आता निवड करायची नाही.

चिठ्ठी आली नाही. बाबांनी शाळेचा विषय पुन्हा काढला नाही, एकदाच म्हणाले, "शिकणाऱ्या माणसाला नीट टिपून ठेवता यायला हवं." ते शब्द ऐकून आई खाली पाटाकडे बघत बसली. दाराआडच्या भिंतीवर तिने पुन्हा कधी रेघ ओढली नाही. त्या उन्हाळ्यात मिरच्यांना बुरशी आली. नवशी येत राहिली, पण मी डोंगरावर गेले नाही. "मुंग्या इच्यारत्यात तुला," असं ती एकदा म्हणाली. मी आत निघून गेले, याची आज लाज वाटते.

पुढच्याच वर्षी खालापूरच्या एका घरातलं स्थळ आलं आणि ते मामानेच आणलं. माणसं चांगली होती, नवराही चांगला निघाला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लग्न वैशाखात, भर दुपारी. मांडवावर पाला घातला होता तरी खाली भट्टीसारखं तापलेलं. गौरीहराशी बसलेल्या मला न्यायला मामा आला. रीतच आहे, मुलीला मामाने मांडवात आणायचं आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं. त्याने माझा दंड धरला. हात गरम होता. आई समोर बायकांत उभी होती, आमच्या दोघांकडे बघत. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ती रडत होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या पायाशी, सारवलेल्या जमिनीवर, सांडलेल्या लाडवाच्या कणाला मुंग्यांची रांग लागली होती. त्या उन्हात त्या नुसत्या धावत होत्या. मी सवयीने मोजत होते, वीतभर अंतर, आकडे तीन. अंतरपाटापलीकडचा माणूस मला अजून दिसला नव्हता. मी मान न वळवता, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मामा, मध्यावर एकोणीस होत्या."

मामा वाकला, जणू माझ्या मुंडावळ्या सारख्या करायला. त्याच्या केसांच्या तेलाचा वास आला. कानाशी येऊन तो म्हणाला, "मला माहीत आहे, मथू."

आयुष्यात त्याने ते एकदाच कबूल केलं. ते ऐकायला मांडवभर माणसं होती, माझी आई होती, बाबा होते, दाराशी नवशीही येऊन बसली होती. पण तेवढ्यात शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या आणि वाजंत्री वाजायला लागली.